दादाचं पॉलिश

दादा फर्निचरला पॉलिश करायचा आणि त्याची धाकटी बहीण प्रयोगशाळेत रसायनं तपासायची. एकदा तिथल्या साहेबांना विचारून तिने दादाच्या डब्यातलं पॉलिश नेलं आणि अगदी पातळ करून काचेच्या ताटलीत वाढवलेल्या माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर घातलं. दोन दिवसांनी पाहिलं, तर पेशी जिवंत होत्या, पण कितीतरी पेशींमधला डीएनए तुटलेला होता. तिचा विश्वास बसेना. तिने पुन्हा दोनदा तपासलं, तरी तेच.

रविवारी ती वर्कशॉपमध्ये गेली. दादा एका कपाटाच्या दारावर फडकं फिरवत होता. तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे मला कॅन्सर होणार?" त्याने हात न थांबवता विचारलं.

"तसं नाही म्हणत मी. ताटलीतल्या पेशी म्हणजे काही अख्खा माणूस नव्हे. पण यात धोका आहे, एवढं त्या सांगतात."

"वीस वर्षं हेच हुंगतोय. माझ्या पेशीही माझ्यासारख्याच निगरगट्ट असतील."

ती हसली नाही. तेव्हा कुठे त्याने फडकं खाली ठेवलं.

"मग दुसरं कुठलं वापरू?"

"दोन-तीन आणून दे, तपासते."

त्याने पाच आणली. त्यातल्या चौथ्याने पेशींना काही केलं नाही. त्याला चकाकी कमी येते, अशी दादाची कुरकुर अजून चालू असते, पण वापरतो तो तेच.