सात बावन्नची एक्केचाळीस

"सोमवार ते शुक्रवार, पाचही दिवस सकाळी एकच बस?" बायकोने तक्ता डोळ्यांजवळ नेला. "अहो, आपण परदेशात फिरायला चाललोय की डेपोत ड्यूटीला?"

मिनिटरावांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. 'मिनिटराव' हे नाव त्यांना बसडेपोने दिलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी तिथे बसच्या वेळा बसवल्या. अख्खं शहर त्यांच्या कागदावरून इकडून तिकडे गेलं आणि ते स्वतः मात्र खुर्चीतून हलले नाहीत. मुलगा झाला तेव्हाही या बाबाने आधी घड्याळ पाहिलं असणार, असं डेपोतले लोक हसून म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. चार वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

तो मुलगा सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी परदेशी गेला आणि तिकडचाच झाला. या वर्षी एकदाचं त्याने बोलावलं. "या की, पण मला सुट्टी नाही मिळणार. घरही एका खोलीचं आहे. हॉटेलात राहा आणि दोघं मस्त फिरा," असं म्हणाला. बोलावलं हेच खूप होतं. काय बघायचं, कशाने जायचं हे मिनिटराव ठरवणार, हे सांगायलाच नको होतं. दोन महिने जेवणाच्या टेबलावर त्या शहराचा नकाशा चिकटवलेला होता आणि ताटं मांडीवर घ्यावी लागत होती.

बायकोने तीनच गोष्टी मागितल्या होत्या. तळ्यातली बोट, राजवाडा आणि काचेच्या छपराखालची बाग. तिन्हींपैकी एकही तक्त्यात नव्हती.

"मंगळवारी काय, तर पाण्याची जुनी टाकी. बुधवारी मिठाचं संग्रहालय." तिने चष्मा काढला. "मीठ बघायला विमानानं जायचं? घरी डबा उघडून दाखवते की मी!"

"ते सगळं एक्केचाळीस नंबरच्या बसच्या रस्त्यावर आहे."

"मग तळ्याकडे काय बस जात नाही?"

"जाते. सतरा नंबर."

"मग?"

मिनिटरावांनी पेन्सिल खाली ठेवली. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, पण असं काही कबूल करायची वेळ आली की त्यांचे कान अजून लाल व्हायचे.

"तो सात बावन्नची एक्केचाळीस पकडतो ऑफिसला जायला. चार वर्षांपूर्वी फोनवर बोलता बोलता म्हणाला होता. तेवीस मिनिटं लागतात. हॉटेल मी त्याच थांब्यासमोरचं घेतलंय. आपण रोज त्याच बसमध्ये चढायचं. तेवीस गुणिले पाच म्हणजे दोन तासांना पाच मिनिटं कमी. त्याची सुट्टी नको, काही नको. बसमध्ये माणूस नाहीतरी रिकामाच असतो."

बायकोने तक्ता खाली ठेवला. मुलाचा रविवारचा फोन कधी सहा मिनिटांपुढे जात नसे, आणि ती मिनिटं मोजणारा माणूस तिच्यासमोर बसला होता. तिला भरून आलं. आपण उगीच मिठावरून टोचून बोललो, असंही वाटलं.

"बघायचं तर बघू मीठ," ती म्हणाली.

चार वाजता मुलाचा रविवारचा फोन आला. मिनिटरावांनी तो दोघांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "काय रे, तुझी ती एक्केचाळीस अजून सात बावन्नलाच येते ना?"

"कुठली एक्केचाळीस? हां, ती होय!" मुलगा हसला. "बाबा, मी तिकडे कुठे राहतो आता? जानेवारीतच घर बदललं. सांगितलं नव्हतं का? राहून गेलं वाटतं. आता एकदम दुसऱ्या टोकाला आहे, मित्राच्या गाडीतून जातो ऑफिसला. का हो?"

बायकोने तोंड उघडलं. मिनिटरावांनी हात वर करून तिला थांबवलं.

"काही नाही रे. वेळापत्रक बघत होतो आपलं."

"बघा बघा, तुमचा हात कोण धरणार त्यात! मी रविवारी येतोच हॉटेलवर. चारला येतो. सहाला मात्र निघावं लागेल मला. चालेल ना?"

"चालेल. न चालायला काय झालं?"

फोन बंद झाला. दोघंही नकाशाकडे बघत राहिली. जानेवारीपासून आठ महिने झाले होते. म्हणजे तीस-पस्तीस फोन. त्यातल्या एकातही घर बदलल्याचं सांगावंसं वाटू नये, याचं मिनिटरावांना इतकं वाईट वाटलं की पाणी प्यायच्या निमित्ताने ते उठून आत गेले. बराच वेळ नळ नुसता वाहत होता.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "नवा पत्ता घेतलात का?"

घेतला नव्हता. आयुष्यभर थांबे मांडले, आणि हेच विचारायचं सुचलं नाही. त्यांनी मेसेज लिहिला. उत्तर लगेच आलं, 'पत्ता कशाला? मीच येतोय ना.'

मिनिटरावांनी ते तिला वाचून दाखवलं. मग कोरा कागद घेतला, पट्टी ठेवून रेघा मारल्या आणि चार रकाने आखले. वेळ, ठिकाण, बस, उतरायचा थांबा. सोमवारी तळ्यातली बोट, सतरा नंबर. मंगळवारी राजवाडा, बुधवारी बाग. काम झकास होत होतं. बायको शेजारी बसून बघत होती, पण खूश दिसत नव्हती. शेवटी रविवार आला. त्यांनी वेळेच्या रकान्यात लिहिलं, 'चार ते सहा'. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं, 'मुलगा'.

"राजवाड्यासारखंच लिहिलंत हो," ती म्हणाली.

"वेळ ठरलेली आहे ना त्याची."

पुढचे दोन रकाने रिकामेच राहिले. मिनिटरावांनी पेन्सिल थोडा वेळ तिथे धरून ठेवली, मग कागद तिच्याकडे सरकवला. "एकदा वाचून बघ. काही चुकलंबिकलं असेल."

ती सोमवारपासून मोठ्याने वाचू लागली. बोट, बसचा नंबर, थांबा. शनिवारपर्यंत सगळं नीट वाचलं. रविवारपाशी आल्यावर तिने कागदाची घडी घातली.

"बरोबर आहे सगळं," ती म्हणाली.