उजव्या पायातला दोरा

मी एक जुनी टेस्ट राइडची मोटारसायकल आहे. मित्रांनो, 'जुनी' या शब्दाला फसू नका. मी जन्मले त्या दिवशीसुद्धा जुनीच दिसत होते. कारखान्यात मला मुद्दाम तसं घडवलं होतं. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, गोल आरसे, तपकिरी लांब सीट. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्या असत ना, अगदी तशी. आतलं इंजिन मात्र आजचं होतं, आणि तापट होतं. मूठ थोडी पिळली की मी उसळून पुढे जायचे.

ट्रकमधून वारूळवाडीच्या एका शोरूममध्ये आम्ही अकरा गाड्या उतरलो. पुढच्या महिन्याभरात दहाजणी एकेक करून आपापल्या घरी गेल्या. जाताना प्रत्येकीची दारातच पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. गाडी पुढे सरकली की लिंबू चटकन फुटायचं आणि सगळे हसायचे. मग पेढे. माझ्या चाकाखाली कुणी लिंबू ठेवलं नाही. माझ्या टाकीवर 'टेस्ट राइड' असं लिहिलेला पिवळा स्टिकर चिकटवला आणि मला फाटकाजवळ उभं केलं. मी कुणा एकाची नव्हते. ज्याला गाडी घ्यायची असेल त्याने मला दहा मिनिटं चालवून बघायचं, एवढंच माझं काम.

माझी वाट ठरलेली होती. फाटकातून बाहेर, मीना नदीच्या पुलावरून, उसाच्या शेतांमधून, 'बिबट्याचा वावर आहे, सावध राहा' या पाटीवरून पुढे एका चिंचेच्या झाडापर्यंत. तिथे वळायचं आणि परत यायचं. तीन वर्षांत मी आठ हजार किलोमीटर धावले, पण चिंचेपलीकडचा रस्ता पाहिला नाही.

माणसं मात्र खूप पाहिली. एका नवरदेवाने माझ्या आरशात तीनदा भांग पाडला आणि गाडी दुसरीच घेतली. एका गवळ्याने माझं इंजिन ऐकलंच नाही. 'दुधाचे दोन कॅन बसतील का?' एवढं विचारून तो गेला. माझ्यावर मागे बसून गिऱ्हाइकांना फिरवून आणणारा शोरूममधला गोकुळ सगळ्यांना एकच वाक्य सांगायचा, "रूप आज्याचं हाये, पळणं नातवाचं." गोकुळ भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातला, तिशीचा, हसरा. मला रोज पुसायचा तोच.

एका चैत्रात निमगाव साव्याचे सावळेराम आले. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. वय अडुसष्ट. बरोबर त्यांची लेक साधना होती. ती मंचरला कॉलेजात शिकवते.

"तात्या, आपण फक्त बघायला आलोय हं," ती म्हणाली.

"बघतोच हाये की. नुसतं डोळ्यानं बघून गाडी कळती व्हय?"

तात्यांनी टोपी काढून घडी करून खिशात घातली आणि हेल्मेट मागितलं. त्यांच्याकडे सत्तावीस वर्षं बुलेट होती. गुडघा दुखायला लागला, किक बसेना, म्हणून आठ वर्षांपूर्वी त्यांनी ती विकली होती. आता मनात एकच होतं. मोटारसायकलवरून एकदा भीमाशंकरला जाऊन यायचं. ते म्हणाले, "एसटीतनं डोंगर दिसत न्हाई. खिडकी दिसती."

"किक न्हाई तात्या. बटण दाबायचं," गोकुळने दाखवलं.

"मंग सुटला की माझा गुडघा!"

मित्रांनो, इथे एक गोष्ट तुम्हाला समजावून सांगायला हवी. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असे आणि ब्रेक डाव्या पायाला. माझ्यासारख्या आजच्या गाड्यांचं उलटं आहे. डावा पाय गिअरचा, उजवा पाय ब्रेकचा. गोकुळने हे सांगितलं. तात्या 'हा, हा' म्हणाले. पण सत्तावीस वर्षं पायाला लागलेली सवय 'हा, हा' म्हणून जात नाही.

साधना मागे बसली. तात्यांनी मूठ पिळली आणि मी निघाले. काय सांगू! त्यांचे हात हलके होते. वळणावर ते मला ओढत नव्हते, नुसते झुकत होते. चिंचेपर्यंत सगळं छान झालं. परत येताना मात्र टोमॅटोच्या क्रेटनी भरलेली एक पिकअप शेतातल्या वाटेवरून एकदम रस्त्यावर आली.

"तात्या, ब्रेक!"

"दाबलाय गं!"

"गाडी थांबत नाहीये!"

"दाबलाय म्हन्तो ना!"

दाबला होता तो डावा पाय. प्रत्येक दाबण्यासरशी माझा एकेक गिअर उतरत होता, मी गचके खात होते, इंजिन ओरडत होतं आणि पिकअप जवळ येत होती. शेवटी त्यांच्या बोटांना हातातला ब्रेक सापडला. पिकअपपासून दोन हातांवर मी थांबले.

"ओ बाबा," पिकअपवाला खिडकीतून म्हणाला, "सकाळी सकाळी टोमॅटोची चटनी करता का?"

शोरूममध्ये चहा आला. साधनाने कपाला हात लावला नाही. तात्या म्हणाले, "चूक माझी न्हाई, पायाची हाये."

"पाय तुमचाच आहे ना? नको तात्या, गाडी नको."

तात्या नुसते माझ्या टाकीवरून हात फिरवत राहिले. तेव्हा ती थोडी मऊ झाली, किंवा तिला विषय संपवायचा होता. म्हणाली, "बरं, असं करू. मला मागे बसवून मंचरपर्यंत न्या. एकदाही चुकीचा पाय पडायला नको. मग घेऊ."

लहान मुलाला मोठी माणसं 'बघू हं' म्हणतात ना, त्या सुरात ती हे म्हणाली होती. तात्यांनी ते शब्द तसेच्या तसे धरले.

पुढच्या मंगळवारी ते एकटे आले. घरी ठिबकचं सामान आणायला जातो म्हणून सांगून आले होते. गोकुळ मागे बसला. फाटक, पूल, ऊस, चिंच. "आज पाच वेळा डावा गेला," तात्या उतरताना म्हणाले. पुढच्या मंगळवारी चार. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा सहा. त्या दिवशी ते उतरून बराच वेळ पायरीवर बसून राहिले.

शोरूमच्या मालकांनी एकदा गोकुळला हटकलं, "हे बाबा गाडी घेणार का नुसतंच फिरणार?"

"घेणार सायेब. परीक्षा चाललीय त्यांची."

मग एका मंगळवारी तात्यांच्या उजव्या पायात घोट्याशी काळा दोरा दिसला. गोकुळ हसला. "काय तात्या, दिष्ट लागली का काय कुनाची?"

"या वयात कोन दिष्ट लावतंय मला?" तात्या म्हणाले. "बरेक हितं हाये, ही खूण बांधली. दोरा टोचला का पायाला आठवतं. जेवाया बसलो तरी उजवा पाय दाबून बघतो. मंडळी म्हनती, मुंग्या आल्या का पायाला?"

दोरा बांधल्यापासून चुका कमी होत गेल्या. पावसाळा त्यांनी रेनकोट घालून काढला. भाद्रपदात सलग तीन मंगळवार एकदाही डावा पाय चुकीचा पडला नाही. तिसऱ्या वेळी तात्यांनी माझी चावी गोकुळच्या हातात ठेवली ती जरा थांबूनच.

"दसऱ्याला लेकीला बोलवतो. काम हाये म्हनून सांगतो, काय काम ते न्हाई सांगत. तू बी सांगू नको. मागं बसवून मंचरला नेतो."

"आन मग?"

"मग काय? पास झालो तर भीमाशंकर."

मित्रांनो, मी दसऱ्याची किती वाट पाहिली! मंचर चिंचेच्या पुष्कळ पुढे आहे. आणि कुणीतरी पहिल्यांदाच माझ्यासाठी एवढी मेहनत घेतली होती. दसऱ्याला सगळ्या गाड्यांना हार घालतात. गोकुळने एक हार बाजूला काढून मला फाटकाशी उभं केलं. दुपारपर्यंत तो रस्त्याकडे बघत होता. तात्या आले नाहीत. माणसांची मनं बदलतात, हे शोरूममध्ये रोजच दिसतं. गोकुळने हार मला घातला आणि तो आत गेला.

पुढे नवं मॉडेल आलं. पिवळा स्टिकर त्या गाडीला लागला. मला मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे बॅटरी उतरली, आरशावर धूळ बसली, सीटवर कुणीतरी जुन्या टायरची थप्पी रचली. ज्या आठ हजार किलोमीटरांचं मला कौतुक वाटायचं, ते आता किंमत कमी करायला सांगितले जात होते.

दिवाळीनंतर मालक म्हणाले, ही काढून टाका. गोकुळला तात्या आठवले. त्याने फोन लावला. फोन साधनाने उचलला. तात्या दसऱ्याच्या आधीच गेले, असं तिने सांगितलं.

दोन दिवसांनी ती मला बघायला आली. गोकुळने मला बाहेर काढून पुसलं होतं. 

"मला काय ठाऊकच न्हाई ताई," गोकुळ म्हणाला. "दसऱ्याला मी आपली वाट बघत बसलो."

"कशाची वाट?"

तिला काहीच माहीत नव्हतं. मग गोकुळने मंगळवार सांगितले. पाच चुका, सहा चुका, रेनकोट, पायरी. ती ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, "आन पायातल्या दोऱ्यानं काम केलं बघा."

साधनाने मान वर केली. "कुठला दोरा?"

"काळा. उजव्या पायातला. बरेक कंचा ते ध्यानात ऱ्हावं म्हनून बांधला व्हता."

ती पायरीवर बसली. तात्या बसायचे तिथेच. हळू आवाजात म्हणाली, "दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या, पायातला दोरा काढा. कात्री मी मागून घेतली. कापताना तात्यांना म्हणाले, तुम्ही कधीपासून नजरेबिजरेवर विश्वास ठेवायला लागलात? त्यांच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता. ते नुसते हसले."

तिने पिशवीतून चष्म्याचं घर काढलं. कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचा तुकडा होता. कापला तेव्हा टाकवला नव्हता, एवढंच ती म्हणाली. मग उठली. "गोकुळदादा, एक फेरी मारू?"

"चालवता येती ताई?"

"तात्यांनी शिकवलीय. दहावीत असताना. बुलेटवर."

हे ऐकून गोकुळने एकदा तिच्या पायांकडे पाहिलं आणि तो मागे बसला. साधनाने मूठ पिळली आणि वळणावर मी तो हात ओळखला. ओढत नव्हता, नुसता झुकत होता. पुलावर एक शेळी आडवी आली. साधनाने ब्रेक दाबला आणि मी गचका खाल्ला, अगदी त्या चैत्रातल्यासारखा. डावा पाय! हातातल्या ब्रेकने तिने मला कशीबशी थांबवली. शेळी निघून गेली. आम्ही तिघं पुलावर उभे राहिलो.

"माझाही डावाच जातो," ती म्हणाली.

"जानारच," गोकुळ म्हणाला. "शिकवलं कुनी?"

तेव्हा ती हसली, आणि हसता हसता हेल्मेटची काच वर करून डोळे पुसू लागली. मग मला कडेला घेऊन वाकली आणि तो काळा दोरा आपल्या उजव्या घोट्याला बांधला. कापल्यामुळे तोकडा झाला होता. दोनदा गाठ सुटली. तिसऱ्यांदा बसली.

ऊस मागे गेला. बिबट्याची पाटी मागे गेली. चिंच आली. मी सवयीने वळायच्या तयारीत होते. साधनाने मूठ आणखी पिळली आणि चिंचही मागे गेली.

साधनाने मला विकत घेतलं. दुसऱ्या दिवशी निमगाव साव्यात घरासमोर तिने नखांनी तो पिवळा स्टिकर खरवडून काढला. तिने आईच्या, मंगलबाईंच्या, हातात कुंकवाची कोयरी दिली. त्या मागे सरल्या. "मी कशी गं? आता मी न्हाई करायची पूजा."

"आई, तात्यांची गाडी आहे. तूच करायची."

त्यांनी चिमटीत कुंकू घेतलं. माझ्या गोल दिव्यावर त्यांचं बोट बराच वेळ टेकलेलं होतं. मग चाकाखाली लिंबू आलं. फुटताना त्याचा आवाज होतो हे मला माहीत होतं. टायरला गारवाही लागतो, ते मात्र तेव्हाच कळलं.

त्या मार्गशीर्षात आम्ही भीमाशंकरला गेलो. मंचर, घोडेगाव, डिंभे, मग घाट. मंगलबाई साधनाच्या मागे बसल्या होत्या. सगळ्या वाटेत चुकीचा पाय एकदाही पडला नाही.

आता माझा रंग उडू लागला आहे. टाकीवर स्टिकरचा चौकोन अजून दिसतो. पण माझी चेन वेळेवर तेल पिते, सीट झाकलेली असते, माझी मला काळजी नाही. मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं म्हातारं माणूस जेवताना पाय हलवत असेल, दर मंगळवारी कुठेतरी जात असेल, पायात दोरा बांधून येत असेल, तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, हे कशासाठी? त्याला बोलता येतंय तोवर विचारा.