खुर्चीवरचा कोट

मी एक कोट. पण अंगावरचा नव्हे, खुर्चीवरचा.

शिंप्याने मला शिवलं तेव्हा वाटलं होतं, चार लग्नकार्यं पाहू, गावोगाव हिंडू. कुठलं काय! साहेबांनी मला आणलं आणि ऑफिसातल्या खुर्चीच्या पाठीवर अडकवलं. तेव्हा ते नुकतेच खात्याचे प्रमुख झाले होते. घरी लेक तान्ही. साडेपाचला मागच्या जिन्याने ते गुपचूप घरी जात. वरच्या मजल्यावरचे थोरले साहेब काचेतून डोकावले, तर मी दिसायचो. कोट आहे, म्हणजे माणूस इथंच कुठंतरी असणार!

लेक मोठी झाली, सासरी गेली. मी तिथंच. बावीस वर्षं. खांद्यावर धुळीचा थर, पण हजेरी पक्की.

समोरची चाळीस माणसं रोज आठपर्यंत, शिपाई दिवे मालवेपर्यंत, बसत. मला वाटायचं, बिचाऱ्यांना काम फार.

एक दिवस नवी मुलगी साडेपाचला पर्स घेऊन उठली. लागून दोनच महिने झालेले, नोकरी अजून कायम नव्हती. शेजारचे मामा, खात्यातले सगळ्यात जुने कारकून, दबक्या आवाजात म्हणाले, "बस खाली, पोरी. कोट आहे अजून."

"कोट आहे, पण साहेब कुठायत?"

"ते नसतं विचारायचं. कोट असताना उठायचं नसतं. कायम व्हायचंय ना तुला?"

"मामा, परवा आईचं ऑपरेशन झालंय. भेटायची वेळ सातपर्यंत. काल पोचले तर दार बंद."

माझ्या अस्तरात धस्स झालं. म्हणजे काल ती माझ्यामुळे बसली होती? मग ही चाळीस माणसं?

ती तडक माझ्यापुढे आली. माझी बाही हातात धरली. "काका, येते मी," म्हणाली आणि गेली. बावीस वर्षांत माझ्याशी कोणी पहिल्यांदाच बोललं.

सकाळपर्यंत चुगली पोचली होती. साहेबांनी तिला बोलावलं. "काल कोणाला विचारून गेलात?"

"तुमच्या कोटाला."

कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. "आणि बाकीचे?"

"बसतात की आठपर्यंत. कोट आहे म्हणून."

"पण कोट तर..." साहेबांचं वाक्य अडकलं. चेहरा पांढराफटक. त्यांनाही ठाऊक नव्हतं! "मामा, खरं आहे हे?"

मामा टेबलाकडे बघत राहिले. "सवय झाली, साहेब. पोरं लहान होती तेव्हा झोपलेलीच पाहिली आम्ही."

साहेबांनी खुर्चीवरच्या माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांनी तिला हळूच विचारलं, "आई कशी आहे?"

"काल बोलली थोडं."

त्या दिवशी साडेपाचला साहेबांनी मला हातावर घेतलं आणि पुढच्या दाराने निघाले. मुलगी आमच्याबरोबरच बाहेर पडली. मी काचेतून मागे वळून पाहिलं आणि हादरलो. एकही माणूस उठला नव्हता. सगळे रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले होते.

आता मी साहेबांच्या घरी खुंटीला असतो. ते बायकोला सांगतात ते ऐकतो. मुलगी कायम झाली. तिच्या वयाची पोरं वेळेवर निघतात, हसत निघतात. मामा मात्र अजून आठपर्यंत बसतात.

मामा, अहो, मी नुसता कोट होतो. आत कोणी नव्हतं. उठा.