पैलीचेट्टनला विचारा

व्हिएन्नातल्या आमच्या मल्याळी घरांत गावाकडून पाहुणे आले आणि त्यांना बाहेर जेवायला न्यायचं ठरलं, की कोणीतरी म्हणणारच, "आधी पैलीचेट्टनला विचारा."

मी मिरजेची. पण नर्स म्हणून या शहरात उतरले ती थेट त्रेसियाचेचीच्या वॉर्डात. चेची म्हणजे ताई. मल्याळम मी तिची बोलणी खाऊन शिकले, त्यामुळे 'आमच्या' म्हणायचा मला हक्क आहे. पैलीचेट्टन, म्हणजे पैलीदादा, तिचा नवरा. तिच्यामागून तो इथं आला आणि टपालखात्यात पार्सलं निवडत निवृत्त झाला. घरात त्यानं कधी चहाचं आधण ठेवलं नाही, पण नाक मोठं तल्लख. हॉटेलच्या दारात उभा राहायचा, एक श्वास घ्यायचा, आणि एक तर आत शिरायचा, नाहीतर चेचीचा काढलेला कोट पुन्हा तिच्या खांद्यावर चढवायचा.

इथल्या निम्म्या भारतीय हॉटेलांत एकाच पातेल्यातला लाल रस्सा साय ओतून वेगवेगळ्या नावांनी वाढतात. त्यातून बरं ठिकाण हुडकणं सोपं नव्हे. पैलीचेट्टनचे निकाल मात्र रोखठोक असायचे. "जा, पण सोमवारी नको. सोमवारी मालकाचा मेहुणा रांधतो." किंवा, "तिथला कढीपत्ता नुसता शोभेला आहे."

गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप उतरला, पण नाक गेलं आणि पाठोपाठ जीभही. चेचीला कळलं ते असं, की शेगडीवर दूध करपून घरभर वास सुटला आणि हा शेजारच्या खुर्चीत शांतपणे पेपर वाचत होता.

"इच्चाया," नवऱ्याला ती अशीच हाक मारते, "वास येत नाही का तुम्हाला?"

"कसला?"

तिनं खिडकी उघडली आणि करपलेलं पातेलं त्याच्यापुढे धरलं. मग तोच म्हणाला, "कुणाला सांगू नकोस, त्रेसिये. या लोकांकडे माझी तेवढीच किंमत आहे."

मला तिनं सांगितलं, कारण मी नर्स. मी डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर नाही येणार.

फोन यायचे थांबले नाहीत. मग दोघं जायची, ती जेवायची, आणि ट्रामच्या थांब्यावर उभं राहून तो तिची उलटतपासणी घ्यायचा. "आलं ताजं होतं?" "होतं." "खोबरं?" "जरा जून वाटलं." घरी येऊन फोनवर तो हेच आपल्या भाषेत ऐकवायचा. एकदा मीही बरोबर होते. परतताना चेची मला हळूच म्हणाली, "एवढ्या वर्षांच्या संसारात मला कशी चव लागली, हे यांनी कधी विचारलं नव्हतं गं, मोळे." मोळे म्हणजे पोरी. पन्नाशीतल्या मला ती अजून पोरीच म्हणते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्यातल्याच अन्नकुट्टीच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडची मंडळी केरळातल्या कोट्टयमहून येणार होती. मोजकीच माणसं, पण त्यांत मुलाचे काका औसेप्प म्हणजे जेवणाच्या बाबतीत भलतेच चोखंदळ. अन्नकुट्टी म्हणाली, "चेट्टा, माझी लाज तुमच्या हातात आहे."

शहराच्या दहाव्या भागात एका नेपाळी जोडप्यानं नवं हॉटेल काढलं होतं. टेकबहादुर आणि त्याची बायको सरिता. पाटीवर 'केरळी माशाची आमटी' होती. दोघं तिथं जाऊन आली. चेची म्हणाली, "छान आहे."

"आंबट?"

"बेताचं."

पैलीचेट्टननं तेच अन्नकुट्टीला सांगितलं.

त्या दिवशी मीही पंगतीत होते. मासे आले. औसेप्पकाकांनी भाताबरोबर एक घास घेतला, थोडा वेळ चावत राहिले आणि चमचा खाली ठेवून म्हणाले, "हे मासे दुधात पोहायला सोडले होते काय?"

आमटी गोडसर होती, बाळंतिणीला द्यावी तशी. कोट्टयमच्या आमटीत कुडंपुळी पडते, आपल्या कोकमाची थोरली बहीणच ती. इथं तिचा पत्ता नव्हता. अन्नकुट्टीचा चेहरा पडला. सगळ्यांनी पैलीचेट्टनकडे पाहिलं.

तो उठून उभा राहिला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून मला वास नाही, चव नाही. समोर कागद वाढला तरी मी खाईन. तरीही मी तुम्हाला इथं पाठवलं. अन्नकुट्टी, माफ कर."

कोणी काही बोलायच्या आत चेची बसल्या जागेवरून म्हणाली, "अर्धंच सांगताय. चव मी घेतली होती."

"त्रेसिये, राहू दे."

"का राहू दे? मी घेतली, आणि मला आवडली. आताही आवडते आहे." तिनं आणखी दोन चमचे ताटात ओढले. "उभा जन्म हॉस्पिटलची सुपं पिऊन काढला मी. ती कुडंपुळी मला पहिल्यापासून झेपत नाही. तुम्हाला आवडते म्हणून करत आले."

पैलीचेट्टन तिच्याकडे वळला. "माझ्या आईसमोर तर म्हणायचीस, आणखी वाढा."

"सासू होती ती. काय म्हणणार?"

पहिल्यांदा हसले ते औसेप्पकाकाच. मग सगळेच हसले. पण टेकबहादुर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. भाषा कळली नाही तरी परत आलेली ताटली त्याला कळत होती. पैलीचेट्टन त्याच्याजवळ गेला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "रागवू नकोस, बाबा. आज दुपारी तुम्ही दोघं काय जेवलात?"

टेकबहादुर ओशाळला. "ते घरचं, साहेब. इथल्या गिऱ्हाईकांना चालत नाही. जरा आंबट-तिखट लागलं तरी परत पाठवतात."

"आम्हाला चालेल. मासे उरलेत ना? घरी करता तसे कर."

थोडा वेळ लागला. तोवर मुलीकडच्यांनी मुलाला त्याच्या लहानपणाच्या खोड्या विचारून घेतल्या. मग सरिता स्वतः परात घेऊन आली. मोहरीच्या तेलात कडक तळलेले मासे, वर जीभ बधिर करणारी त्यांच्याकडची मिरी, सोबत तिळाची चटणी आणि साधा भात. केरळचं त्यात काहीच नव्हतं. औसेप्पकाकांनी पहिला मासा हातानं मोडला, आणि काट्यांचा ढीग होईपर्यंत मान वर केली नाही. जाताना टेकबहादुरला म्हणाले, "पाटीवर हे लिही. आमचं नाव पूस."

त्यानं खरंच पाटी बदलली. आता तिथं शनिवारी जागा मिळत नाही.

पैलीचेट्टनला वाटलं होतं, फोन बंद होतील. पण उलटंच झालं. लोक आता म्हणतात, "चेट्टा, जरा चेचीला द्या." आई-वडील म्हातारे असतील, कुणाचं ऑपरेशन झालं असेल, तर सौम्य कुठं मिळेल ते ती सांगते. झणझणीत हवं असेल तर तो स्वतः बोलतो, आणि मधूनच फोनवर हात ठेवून तिला विचारतो, "त्या सोळाव्या भागातल्याचं काय गं?" घरी आता दोन पातेल्यांत आमटी होते, एक तिची आणि एक त्याची. त्याला दोन्ही सारख्याच लागतात, तरी तो आपल्याच पातेल्यातली घेतो.

गेल्या आठवड्यात सकाळी त्याचा मला फोन आला. 

"सुलभा, आम्ही कॉफी प्यायला बसलोय. कॉफीला रॉकेलचा वास येतोय."

मी म्हटलं, "चेट्टा, चांगली खूण आहे. मज्जातंतू परत जुळताना आधी असे वेडेवाकडे वास येतात. कधीकधी बरेच महिने राहतात."

"राहू देत," तो म्हणाला. मागून चेचीचा आवाज आला, "विचारा तिला, हीच प्यायची की दुसरी आणू?" तो तिला म्हणाला, "पितो गं. थांब, मला नीट वास घेऊ दे."