पंचांचा रिमोट

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. माझ्या अंगावरचे आकडे पुसले गेले आहेत, पाठीवरचं झाकण चिकटपट्टीच्या भरवशावर आहे आणि आवाज कमी करायचं बटण जरा मिनतवाऱ्या केल्याशिवाय ऐकत नाही. तरी या घरातला टीव्ही, त्याच्या खालचा सेट-टॉप बॉक्स आणि त्याच्या शेजारचा साउंडबार अजून माझ्याच सांगण्यावरून चालतात. ज्याला स्वतःला काहीच दाखवता येत नाही तो सगळ्यांवर हुकूम सोडतो, ही व्यवस्था तुम्हाला नवलाची वाटेल. मोठेपणी नोकरीला लागलात की वाटणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, साच्यात झाला. प्लास्टिकचं अंग, रबराची बटणं आणि कपाळावर एक बारीकसा दिवा. त्या दिव्याचा उजेड माणसांना दिसत नाही, यंत्रांना तेवढा दिसतो. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझं एकेक बटण दाबून पाहिलं आणि "पास" म्हणून मला पुढे सरकवलं. आयुष्यात मी दिलेली ही एकच परीक्षा. त्यामुळे निकालाचा अभिमान मला आजही आहे.

मग मी एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात खुंटीला लटकलो आणि लटकतच राहिलो. मी पडलो जाडा आणि ठेंगणा. बटणं मोजकी, तीही एकीसारखी दुसरी नाही. वर एक मोठी चांदणी, मध्ये एक गोल फुगीर बटण, दोन बाजूंना दोन त्रिकोण, खाली आकडे. माझ्या शेजारी एक उंच, काळाभोर, काचेसारखा गुळगुळीत रिमोट होता. त्याला बटणंच नव्हती, नुसतं बोट फिरवायचं. पलीकडच्या रिमोटाला अंगभर पुरळ उठावं तशी बटणं होती. गिऱ्हाईक त्या दोघांपैकी एकाला हात लावायचं आणि मला बघून म्हणायचं, "हे लहान मुलांचं खेळणं आहे का?" विक्रेता माझी बाजू घेत नसे. माझ्या पाकिटावर धूळ साचली. धुळीखालून जग जरा मऊ दिसतं, एवढंच काय ते समाधान.

आता ज्या घरी मी पुढे गेलो, तिथलं सांगतो.

त्या घरातले आजोबा शाळेत खेळ शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहायचे. सगळी गल्ली त्यांना पंचच म्हणते. म्हातारपणी त्यांच्या डोळ्यांनी हळूहळू रजा घेतली. उजेड, अंधार आणि माणसाचा ठोकळ आकार एवढंच उरलं. त्यावर ते स्वतःच म्हणायचे, "उभं आयुष्य लोक मैदानाबाहेरून ओरडत होते, आंधळा आहेस का रे! शेवटी लोकांचं खरं झालं." ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही. ते मात्र हसायचे.

मॅच बघणं बंद झालं तरी ऐकणं चालू होतं. पंचांना नुसत्या गलक्यावरून चेंडू कुठे आहे ते सांगता येई. पण ऐकायची म्हणजे आधी लावायची, आणि त्या घरात टीव्ही लावणं हे एकट्याचं काम नव्हतं. चित्राला एक रिमोट, चॅनेलला दुसरा, आवाजाला तिसरा, आणि डीव्हीडी प्लेअर मोडीत निघाला तरी त्याचा रिमोट मानाने चौथा. चारही सारखे लांब, सारखे काळे. पंच सुरुवातीला हाक मारायचे, "अरे, जरा लावून देता का?" कुणी लगेच यायचं, कुणी "आलो आलो" म्हणून यायचं नाही. हळूहळू पंचांनी हाक मारणंच सोडलं. दुपारी घर रिकामं झालं की ते बंद टीव्हीसमोर बसून राहू लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मला टीव्हीचा कंटाळाच आलाय."

मुलगा बँकेत अधिकारी. त्याने यावर उपाय काढला. गावात ज्येष्ठांसाठी दिवसभराचं एक केंद्र होतं. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं.

"खुर्च्या चांगल्या आहेत, बाबा. मोठा टीव्ही आहे," तो म्हणाला.

"तिथे रिमोट कुणाकडे असतो?" पंचांनी विचारलं.

"तिथल्या बाईंकडे."

"मग नको."

"अहो, पण तुम्ही इथे एकटे बसून करता काय? साधा टीव्हीसुद्धा..." मुलगा तिथेच थांबला. पण वाक्याचा उरलेला भाग सगळ्यांना ऐकू गेला होता.

सून दाताची डॉक्टर. संध्याकाळी नवऱ्याला घेऊन ती आमच्या दुकानात आली.

नवरा अभ्यास करून आला होता. त्याने काचेच्या गुळगुळीत रिमोटाची शिफारस केली. इंटरनेटवर लोकांनी त्याला भरभरून तारे दिले होते. विक्रेत्यानेही मान डोलावली. सुनेने तो हातात घेतला, डोळे मिटले आणि त्यावरून अंगठा फिरवला. मग तसाच खाली ठेवला. पुरळवाला घेतला, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा खाली ठेवला.

"चक्कर येतेय का तुला?" नवऱ्याने विचारलं.

"गप्प बस. मला दिसत नाहीये."

विक्रेत्याने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. "त्या खुंटीवरचा द्या," ती म्हणाली.

"तो कशाला मॅडम? तो म्हातारी माणसं नेतात."

"मग योग्य ठिकाणीच जातोय."

तिने मला पाकिटातून काढलं आणि मिटल्या डोळ्यांनी चाचपलं. दिवसभर लोकांच्या अंधाऱ्या तोंडात बोटांवर विश्वास ठेवून काम करणारी बाई ती. तिचा अंगठा चांदणीवर थांबला, गोल बटणावर उतरला, त्रिकोणांवरून फिरून परत आला. मग तिने मला पालथा केला, उलटा धरला, पुन्हा सुलटा केला आणि चांदणी अचूक शोधली. नवरा म्हणाला, "दिसायला अगदीच हा आहे."

"दिसायला कुणाला हवाय?" ती म्हणाली.

खरं सांगतो मित्रांनो, इतकी वर्षं लोकांनी मला डोळे उघडे ठेवून नाकारलं होतं. कुणीतरी डोळे मिटून पसंत केलं, तेव्हा मला धुळीतून उठल्यासारखं वाटलं. धूळ नंतर तिने पदराने खरोखरच पुसली.

घरी माझं शिक्षण झालं. आम्हा युनिव्हर्सल, म्हणजे एकट्याने सगळी यंत्रं चालवणाऱ्या रिमोटांची शाळा अशी असते: जुन्या रिमोटाच्या कपाळासमोर आपलं कपाळ ठेवायचं. तो एक हुकूम म्हणून दाखवतो, आपण तो पाठ करायचा. हा शिष्य शिकला की आपली रवानगी खणात, हे त्या गुरूंना दिसत होतं. तरी एकानेही काही हातचं राखलं नाही. खणात ते अजून आहेत. मी त्यांना मनोमन मानतो.

गोल बटणाला खेळांचं चॅनेल मिळालं, त्रिकोणांना आवाज. राहिली चांदणी. मुलाला हुरूप आला होता. तो म्हणाला, "एका बटणात सगळं चालू करून देतो. बाबांनी चांदणी दाबायची, बस." त्याने तिन्ही यंत्रांचे चालू करायचे हुकूम चांदणीत भरले. यात प्रेम होतं, हौस होती, आणि एक गोम होती. त्या तिघांना चालू करायचा हुकूम वेगळा आणि बंद करायचा वेगळा असं नव्हतंच. मी चांदणीतून तिघांना एकच वाक्य ऐकवत होतो: झोपला असशील तर ऊठ, उठला असशील तर झोप. तिघे एकदम झोपलेले असतील तोवर ठीक.

नातीने आजोबांची शिकवणी घेतली. "चांदणी, आजोबा. मग गोल. चुकलात! लाल कार्ड!"

"अगं, एकदम लाल? आधी ताकीद द्यायची असते. कुठल्या पंचाकडे शिकलीस?"

"तुमच्याकडे."

"तरीच."

पंचांनी मला पुन्हा पुन्हा जमिनीवर ठेवून शोधायचा सराव केला. अंगठ्याला रस्ता पाठ झाला. मग मोठ्या स्पर्धेचा शेवटचा सामना आला, तो नेमका नातीच्या शाळेतल्या नाटकाच्या दुपारी. सगळे शाळेत जाणार होते. पंच म्हणाले, "मी घरी थांबतो."

मुलगा म्हणाला, "ठीक आहे. पण बाबा, आज तुमचं तुम्हाला जमलं नाही, तर सोमवारपासून केंद्रात जायचं. कबूल?"

"कबूल. फक्त मध्येच फोन करून जमलं का, जमलं का, विचारायचं नाही."

सुनेने नवऱ्याकडे असं पाहिलं की टीव्ही नसतानाही त्याचा आवाज बंद झाला.

निघायच्या गडबडीत नात कार्टून बघत होती. आईने हाक मारली तशी तिने पळत जाऊन टीव्ही आणि साउंडबार त्यांच्या अंगावरच्या बटणांनी बंद केले. सेट-टॉप बॉक्स राहिला. तो टीव्हीखाली मुकाट जागा राहिला.

पंचांनी चांदणी दाबली. टीव्ही उठला, साउंडबारने "टुंग" केलं, आणि जागा असलेला बॉक्स माझं वाक्य ऐकून आज्ञाधारकपणे झोपला. खोलीत नुसता शुकशुकाट. पंचांनी गोल बटण दाबलं. झोपलेल्याला काय कळणार? त्यांनी पुन्हा चांदणी दाबली. टीव्ही झोपला, साउंडबार झोपला, बॉक्स उठला. पुन्हा दाबली, पुन्हा उलट. तिघांचं काही केल्या एकमत होईना, आणि त्यांच्यात भांडण लावून देणारा मीच. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

पंचांनी मला मांडीवर ठेवलं. बाहेर शेजारच्या घरातून आरोळी उठली. सामना सुरू झाला होता. त्यांचा हात फोनकडे गेला. एक फोन केला असता तर सुनेने नक्की वाट सांगितली असती. पण मग सोमवारही आला असता. त्यांनी हात मागे घेतला.

ते उठले. भिंतीला धरून टीव्हीपाशी गेले आणि मघासारखी चांदणी दाबत, कान देऊन ऐकू लागले. साउंडबार टुंग करतो, टीव्ही टक् करतो. मग दोघे गप्प. त्या शांततेत त्यांनी एकेकाच्या अंगावर हात ठेवला. टीव्ही गार. साउंडबार गार. बॉक्स गरम.

"तू आधीपासूनच मैदानात होतास होय रे?" पंच त्याला म्हणाले.

याच वेळी दाराशी किल्ली वाजली. नाटक झालं होतं, नातीचा झाडाचा पार्ट कौतुकास्पद उभा राहिला होता, आणि मंडळी बक्षीस न मिळवता परतली होती. वडील टीव्हीशी झटताना पाहून मुलगा पुढे धावणार, तोच सुनेने त्याची बाही धरली. "थांब," ती ओठातच म्हणाली. तो थांबला. नवऱ्याला थांबवणं ही कला आहे, आणि तिने ती योग्य क्षणी वापरली, म्हणून माझा तिला नमस्कार आहे.

पंच दोन भांडखोर खेळाडूंच्या मध्ये शिरावं तसे यंत्रांच्या मध्ये शिरले. डाव्या हाताचा तळवा त्यांनी बॉक्सच्या तोंडावर पक्का दाबला. उजव्या हातात मला धरून चांदणी दाबली. माझा हुकूम टीव्हीपर्यंत गेला, साउंडबारपर्यंत गेला, बॉक्सपर्यंत मात्र जाऊ शकला नाही. मधल्या तळहाताने त्याला अडवलं. टुंग. टक्. आणि कार्टूनमधला कुणीतरी उंदीर मोठ्याने हसला.

"आता कसं," म्हणत पंचांनी तळवा काढला आणि गोल बटण दाबलं. हजारो माणसांचा गलका खोलीभर पसरला.

ते खुर्चीत बसले. क्षणभर ऐकून म्हणाले, "चेंडू डावीकडे आहे. आणि दारात जे कोण श्वास रोखून उभं आहे, त्यांनी आत यावं. पंचाला प्रेक्षकांचा त्रास होत नाही, पण दार उघडं राहिलं की डास येतात."

सगळे आत आले. नात आजोबांच्या मांडीवर चढली. मुलगा बराच वेळ पडद्याकडे बघत बसला, पण त्याला गोल झालेला कळला नाही. मग तो उठून आतल्या खोलीत गेला आणि केंद्रात फोन लावला. दार पुरतं लागलं नव्हतं. "नाही, सोमवारी नाही येणार ते," तो सांगत होता. "नाही, तब्येत उत्तम आहे. त्यांना दुपारी काम असतं."

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. चांदणीचे हुकूम सुनेने दुसऱ्याच दिवशी काढून टाकले आणि प्रत्येक यंत्राला वेगळं बटण दिलं. मधल्या काळात टीव्ही बदलला, बॉक्स बदलला, मी मात्र दर वेळी नव्याने शिकून राहिलो. आता नात म्हणते की सगळं फोनवरून होतं, हा ठोकळा कशाला? तिचंही चूक नाही. पण पंच अजून आहेत, त्यांचा अंगठा आहे, म्हणून मीही आहे.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. आमच्यातले सेल संपले की बटण जोर लावून दाबू नका. जोराने आजवर एकही सेल भरलेला नाही. सेल गळायच्या आत काढा. आम्हाला चहाच्या कपाशेजारी ठेवू नका. आणि कुणाच्या हातात रिमोट अडखळत असेल, भलतंच काही लागत असेल, तर तो हातातून हिसकावून घेऊ नका. त्याला चुकू द्या, ऐकू द्या, शोधू द्या. घाई कसली आहे? सामन्याच्या सुरुवातीला सहसा कुणी गोल करत नाही.