पंगतीतले हात

"आई, मांडणीवरची ताटं आत सरकव गं, पडतील," पंकजा मोरीतून म्हणाली.

मनकर्णाने ताटं भिंतीपर्यंत रेटली. थोड्या वेळाने पाहिलं तर ती पुन्हा कडेला आलेली. खोलीच्या मागे रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे कंपनीची शेड. तिथल्या प्रेस मशीनचा ठोका जमिनीतून यायचा. एक विरतोय तोवर दुसरा. ठोक्यासरशी भांडी थरथरायची आणि केसभर पुढे सरकायची.

"तुमाला झोप कशी येती इथं?"

"आमाला आता ऐकूबी येत न्हाई. बंद पडलं तरच कळतं."

मनकर्णा आणि तिचा नवरा वैजनाथ पाथर्डीकडून लेकीकडे आले होते. पंकजा टायफॉईडमधून नुकतीच उठली होती, अंगात ताकद नव्हती. म्हणून दोघांनी ज्वारीचं पीठ, हुलगे आणि शेंगदाण्याची पिशवी घेऊन एसटी धरली, माळीवाड्याच्या स्टँडवर उतरले आणि रिक्षाने एमआयडीसीतल्या नागापूरला आले. आल्या दिवसापासून वैजनाथने पाणी भरणं आणि नातीला, सृष्टीला, बालवाडीत सोडणं अंगावर घेतलं. स्वयंपाक, धुणं मनकर्णाकडे. पंकजा भाजी निवडायची, आईशी बोलत बसायची. लग्नानंतर मायलेकी इतका वेळ एकत्र बसल्या नव्हत्या.

मनकर्णाचा जन्म ऊसतोडीत गेला होता. पंकजा फडाकडेच्या पाचटाच्या कोपीत जन्मली, तेव्हाच तिने ठरवलं होतं, हिला कोयता धरणाऱ्या घरात द्यायची नाही. कानिफनाथचं स्थळ आलं तेव्हा मुलगा एमआयडीसीत कंपनीत आहे एवढंच तिने ऐकलं आणि बाकी काही विचारलं नाही. जावई निघालाही चांगला. आवाज चढवत नव्हता, घरी आला की साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन आधी लेकीला उचलायचा.

"मामी, रविवारी दोन-चार मानसं जेवायला बोलवू का? कंपनीतली," त्याने विचारलं. "तुमच्या हातचं मटन त्यास्नी खाऊ घालायचंय."

"बोलवा की पाव्हणं," मनकर्णा पदर सावरत म्हणाली. तिला बरं वाटलं.

रविवारी शेजारच्या खोलीतली निकिता मदतीला आली. वर्षापूर्वी लग्न झालेली, भाकरी अजून नीट जमत नव्हती. मनकर्णाने तिला शेजारी बसवून थापायला शिकवलं. निकिताचा नवरा राधाकृष्ण कानिफनाथच्याच शिफ्टला होता. तो आणि कंपनीतली आणखी दोघं बाहेरच्या खोलीत वैजनाथ आणि कानिफनाथबरोबर पंगतीला बसले.

मनकर्णा वाढायला गेली. पहिल्या माणसाने रश्श्याची वाटी डाव्या हाताने पुढे केली. उजवा हात त्याने मांडीवर टॉवेलखाली ठेवला होता. तो डाव्या हातानेच जेवत होता. दुसऱ्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. त्या दोन बोटांच्या चिमट्यात धरून त्याने भाकरी मोडली. इतक्या सफाईने, की हे आजचं नाही हे कळत होतं. मनकर्णाची पळी जागीच थांबली.

"वाढा मावशी," तो माणूस म्हणाला. "बोटं कमी झालीत, भूक हाय तेवढीच हाय."

सगळे हसले. कानिफनाथही हसला, राधाकृष्णही. आत निकिता भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"कशानं झालं?" वैजनाथने विचारलं.

"मशीनीत गेली."

"मशीनला पुढनं लाईटचा पडदा असतो मामा," कानिफनाथ सांगू लागला. "दिसत न्हाई डोळ्याला. पन हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबती."

"मंग?"

"थांबती म्हनून तर तो पडदा बंद करून ठेवत्यात. हात काढायला जरा उशीर झाला, थांबली. परत चालू करा. अशानं माल निघायचा कसा?"

एसटी उशिरा का आली हे सांगावं तसं त्याने सांगितलं. मनकर्णाने एकेकाच्या ताटात मटण वाढलं. कानिफनाथचे आणि राधाकृष्णचे हात तिने नीट पाहिले. दोघांचे धड होते. राधाकृष्णने अंगठी घातली होती, लग्नातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथ हंडा भरून आला आणि तो खाली ठेवायचा सोडून तसाच उभा राहिला.

"काय झालं?" मनकर्णाने विचारलं.

"काय न्हाई. नळावर मानसांचे हात बगत हुतो." त्याने हंडा उतरवला. "फडात बी तुटत्यात म्हना बोटं."

"फडात कोयता आपल्या हातात असतो," मनकर्णा म्हणाली.

कानिफनाथ कामावर निघाला तेव्हा तिने डबा त्याच्यापुढे धरला, पण सोडला नाही. जावयाशी ती एरवी दाराआडूनच बोलायची.

"पाव्हणं, तुमाला कधी काय मागितलं न्हाई."

"मागा की मामी."

"तो लाईट चालू करून काम करा."

कानिफनाथ हसला. "एकट्यानं करून चालत न्हाई ओ ते."

"सृष्टी रस्त्यानं तुमचं बोट धरून चालती," मनकर्णा म्हणाली. "मला दुसरं काय बोलता येत न्हाई."

त्याने डबा घेतला आणि गेला. जाताना हसत नव्हता.

दुपारी तो परत आला. डबा तसाच भरलेला. लाईट चालू केला, माल कमी निघाला. सुपरवायझर येऊन बोलला, तरी कानिफनाथने बंद केला नाही. मग ठेकेदार आला. ठेकेदाराने ब्रेक दिला, कामावरून घरी बसवलं.

"कवापस्तोर?" पंकजाने विचारलं.

"बोलावतील तवा."

पंकजा आईकडे वळली. आवाज वाढवला नाही तिने. "तू सांगितलंस त्यांना?"

"व्हय."

"मला इचारायचं तरी. इथं घर मी चालवती."

"गावाकडं चला मंग समदी," वैजनाथ म्हणाला.

"आनि तिथं काय करू, अण्णा? तुमचा कोयता घिऊ?"

त्या दिवसापासून पंकजाने कामं आईच्या हातून काढून घेतली. मनकर्णा केर काढायला लागली की ती झाडू घ्यायची. पीठ मळायला बसली की म्हणायची, ऱ्हाऊ दे, मी करते. अंगात अजून ताकद आली नव्हती, मधेच भिंत धरून उभी राहायची, पण करायची. जेवताना आईच्या ताटात वाढायची, बोलायची नाही. मनकर्णा सृष्टीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसून राहायची. मागून ठोके येत राहायचे.

दोन दिवसांनी संध्याकाळी राधाकृष्ण आला. दारातच घुटमळला.

"दादा, तुमची मशीन मला दिली. मी मागितली न्हवती."

"कुनाला तरी देनारच हुते," कानिफनाथ म्हणाला. "बस. लाईट?"

राधाकृष्ण ओशाळं हसला. "तुमी केला चालू, काय झालं बगितलंच की."

मनकर्णा चहा घेऊन आली. कपाच्या कानात त्याने बोट घातलं, तेव्हा अंगठी कपाला लागून वाजली. ती समोर उभी राहिली. जावयाला सांगितलं तेच यालाही सांगावं असं तिच्या ओठावर आलं. पण हा दुसऱ्याचा लेक, याला कोणत्या नात्याने सांगायचं. आणि अजून एक विचार तिच्या मनात आला. यानेही लाईट चालू केला तर मालक आणखी चिडतील, मग कानिफला कोण बोलावणार. तो विचार आला आणि गेला, पण तेवढ्या वेळात राधाकृष्णचा चहा संपला होता.

"येतो मावशी," तो म्हणाला.

"या," मनकर्णा म्हणाली.

शुक्रवारी मनकर्णा आणि वैजनाथने गावी निघायचं ठरवलं. पिशव्या भरून झाल्या होत्या. निकिता परातीत पीठ घेऊन आली. "मावशी, जायच्या आधी एकदा बगा ना, माजी भाकरी कडंला चिरती." दोघी दारातच बसल्या. पंकजा अंगण झाडत होती. कानिफनाथ आत आडवा झाला होता.

ठोके थांबले.

पंकजाच्या हातातला झाडू थांबला. समोरच्या खोलीतली बाई दारात आली. तिच्या शेजारची आली. बघता बघता बोळातल्या सगळ्या दारांत बायका उभ्या राहिल्या. मनकर्णाला आल्यापासून पहिल्यांदाच शांतता मिळाली होती, आणि ती तिला नकोशी झाली.

"लाईट गेली असंल," निकिता म्हणाली.

आत पंखा फिरत होता.

कानिफनाथ उठून दारात येऊन उभा राहिला. त्याने पंकजाकडे पाहिलं. पंकजाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती बोळाच्या टोकाकडे बघत होती, जणू तिचाही माणूस अजून शेडमध्येच होता.

मग ठोके पुन्हा सुरू झाले. पहिल्यासारखेच.

"झालं चालू," निकिता म्हणाली आणि तिने परातीत हात घातला. पण बाकीच्या बायका दारातून हलल्या नाहीत. 

बोळाच्या टोकाला एक माणूस दिसला. रविवारी जेवायला आलेला, अंगठा आणि करंगळीवाला. तो सावकाश चालत येत होता. त्याच्या हातात चपलांचा जोड होता. तो एकेका दारासमोरून पुढे येत होता आणि ज्या दारासमोरून तो पुढे जाई, तिथली बाई आत जात होती. मनकर्णाला वाटलं, हा बोळ अजून लांब असायला हवा होता. तो त्यांच्या दारासमोर आला आणि थांबला. निकिताने आधी चपला पाहिल्या, मग त्याच्याकडे. तिचे हात कोपरापर्यंत पिठाचे होते.

"दवाखान्यात नेलाय," तो म्हणाला. "जीवाला धोका न्हाई."

कानिफनाथ अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. निकिताला पंकजाने हाताला धरून नेलं, हात धुवायचं कोणाला सुचलं नाही.

उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठी कानिफनाथने आणून निकिताकडे दिली. ती कुठे सापडली हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला. मशीन रिकामी आहे, सोमवारपासून ये. फोन हातात धरून कानिफनाथने मनकर्णाकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती. या घरात पुन्हा काही मागायची तिची हिंमत नव्हती.

"न्हाई म्हना," पंकजा म्हणाली.

"पंकजा, घर..."

"बगू. न्हाई म्हना त्यांना."

कानिफनाथ नेप्तीच्या कांदा मार्केटला गोण्या उचलायला जाऊ लागला. संध्याकाळी यायचा तेव्हा त्याला पाठ सरळ करता यायची नाही आणि कपड्यांना कांद्याचा वास यायचा. सृष्टी नाक धरायची. खोली सोडून स्वस्तातली बघावी लागणार होती. वैजनाथ एकटाच गावी गेला, जनावर किती दिवस शेजाऱ्यांवर सोडणार. मनकर्णा राहिली. पंकजाने तिला राहा म्हटलं नाही, पण सकाळी पिठाचा डबा तिच्यापुढे सरकवला.

राधाकृष्णला घरी आणलं. निकिताने एका शेडमध्ये पॅकिंगचं काम धरलं, सकाळी जायची ती दिवस मावळता यायची. दुपारी मनकर्णा त्यांच्या खोलीत जाऊन त्याच्यासाठी भाकरी करायची. तो भिंतीला टेकून बसलेला असायचा, बँडेजचा हात उशीवर ठेवून.

एके दिवशी ती भाकरी थापत असताना तो म्हणाला, "मावशी, त्या दिवशी चहा देताना तुमी काय तरी बोलनार हुत्या."

मनकर्णाने भाकरी तव्यावर टाकली. "व्हय."

"काय?"

"तू बी लाईट चालू कर, म्हननार हुते."

राधाकृष्णने उशीवरचा हात नीट ठेवला. "मी ऐकलं नसतं," तो म्हणाला.

हे खरं होतं, की तिला बरं वाटावं म्हणून तो म्हणत होता, ते तिला त्याच्या तोंडावरून कळलं नाही. तिने विचारलंही नाही. ताटात पिठलं वाढलं, गरम भाकरी ठेवली आणि ताट त्याच्यापुढे नेलं. रोज ती भाकरी कुस्करून द्यायची. आज तिने हात पुढे केला, तसं त्याने ताट डाव्या हाताने स्वतःकडे ओढलं.

मनकर्णाने हात मागे घेतला. ती उठली आणि शेगडीपाशी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. मागे तो बँडेजच्या मनगटाने भाकरी दाबून धरत होता, डाव्या हाताने तोडायला बघत होता. भाकरी निसटायची. तो पुन्हा धरायचा. बराच वेळ लागत होता त्याला.

तव्यावरची भाकरी भाजून झाली होती. मनकर्णाने गॅस बारीक केला आणि तीच भाकरी पुन्हा उलटली.