जबड्याचा मागचा भाग

आमच्या संग्रहालयात दर बुधवारी दुपारी कोणीही यावं आणि आपला दगड दाखवावा, अशी सोय होती. ओळखून सांगायचं काम माझं. लोक काय वाट्टेल ते आणत. एकाने तर शेजाऱ्याच्या कुंपणातला सिमेंटचा गोळा डायनासोरचं अंडं म्हणून आणला होता. त्यामुळे समोरचा माणूस पिशवीची गाठ सोडत असतानाच माझं 'नाही' तयार असायचं.

मीटरकाका त्यांतलेच एक. पाण्याचे मीटर वाचत गावभर फिरायचे, म्हणून हे नाव. सुट्टीच्या दिवशी खाणीत जाऊन दगड धुंडाळायचा त्यांना नाद होता. त्या बुधवारी त्यांनी मुठीएवढा, एका बाजूने ताजा फुटलेला दगड टेबलावर ठेवला. फुटलेल्या बाजूला नखाएवढा तपकिरी डाग होता.

"बाई, मला हे हाड वाटतंय."

मला वरच्या मजल्यावर बैठकीला जायचं होतं आणि आधीच दहा मिनिटं उशीर झाला होता. भिंग धरलं न धरलंसं केलं. "गंज आहे हा, काका. दगडात मुरतो."

"याला लागून आणखी एक तुकडा आहे. तिथेच कपारीत ठेवलाय. पुढच्या बुधवारी आणू?"

"कशाला उगाच ओझी वाहताय?"

ते हसले. "मग हाही राहू दे तुमच्याकडे. घरी नेला तर हिची बोलणी खावी लागतील."

सापडल्याची जागा आणि तारीख त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिली. मी दगडाला नंबर घातला आणि खणात टाकला. त्यानंतर ते कधी आले नाहीत. खरं सांगायचं तर ते माझ्या लक्षातही आलं नाही.

सात वर्षांनी आमच्याकडे दगडाच्या आतलं दाखवणारं एक्स-रे मशीन आलं. चाचणीसाठी, खराब झाला तरी चालेल असा दगड हवा होता, म्हणून मी काकांचा तो खणातून काढला. पडद्यावर चित्र उमटलं. दगडात जबड्याचा मागचा भाग होता. चार दाढा ओळीने, शाबूत. पाचवी मधोमध तुटलेली. तो डाग म्हणजे तिचं मूळ होतं.

तसल्या दाढा मी कुठल्याच पुस्तकात पाहिल्या नव्हत्या. दोन जाणकारांना चित्रं पाठवली. दोघांचं उत्तर एकच आलं: प्राणी नवा दिसतो, पण पुढचे दात पाहिल्याशिवाय तो कोणाच्या कुळातला ते सांगता येणार नाही.

पुढचे दात कपारीतल्या त्या दुसऱ्या तुकड्यात असणार, म्हणून चिठ्ठी घेऊन मी खाणीवर गेले. खाण केव्हाच बुजवली होती. वर गोदामं उभी होती आणि ट्रक मागे घेताना कोणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं.

मग काकांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं. काका खिडकीशी बसले होते. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला.

मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"दाढेचं मूळ मला तेव्हा दिसलं होतं," ते म्हणाले. "घरच्या भिंगातून. दोनदा पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही शिकलेल्या. मी आकडे वाचणारा माणूस. म्हटलं, आपल्याला मेलं काही कळत नाही."

काकू आतून चहा घेऊन आल्या. "त्या दिवसापासून खाणीत जाणंच सोडलं ह्यांनी," त्या म्हणाल्या. "आधी मीच कटकट करायचे, घरभर धोंडे म्हणून. मग न्हाणीघराची फरशी उंच केली, तेव्हा सगळे भरावात घातले. ह्यांनी अडवलं नाही. मला वाटलं, सुटला एकदाचा नाद."

मी माफी मागितली, पण ती फारच तोकडी वाटली. काका म्हणाले, "जाऊ द्या हो," आणि काकूंना बिस्किटं आणायला सांगितलं.

पुढच्या वर्षी त्या जबड्यावरचा लेख छापून आला. शोधणारा म्हणून त्यात काकांचं नाव आहे आणि जागेचं वर्णन त्यांच्या चिठ्ठीतलं, जसंच्या तसं. दुसरा तुकडा कसा गमावला, हेही मी लिहिलं. संग्रहालयाच्या साहेबांनी ते वाक्य गाळायला सांगितलं होतं; मी गाळलं नाही. कुळाच्या रकान्यात मात्र 'अनिश्चित' एवढंच लिहावं लागलं.

अंक घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि लेख सोप्या भाषेत वाचून दाखवला.

"केवढा असेल हो तो?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मांजरापेक्षा लहान."

त्यांनी दोन्ही तळवे हवेत समोरासमोर धरले. "एवढा?"

"थोडा कमी," मी म्हणाले आणि त्यांचे हात धरून जरा जवळ आणले.